सोसायटीच्या गणपतीत नगरसेवकाची नक्कल केली तर नेमकं काय होऊ शकतं?

खड्डेश्वर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, चहा घेऊन बसा.

आमची सोसायटी ठाणे जिल्ह्यात, पाच दिवसांचा गणपती. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आधी पोरांचं फॅन्सी ड्रेस, मग बायकांची संगीत खुर्ची आणि शेवटी मोठ्यांचं स्किट असतं, आणि गेली चार वर्षं ते लिहायचं काम माझ्या गळ्यात आहे कारण मीटिंगमध्ये दुसरं कोणी हात वर करत नाही. यंदा विषय ठरवला खड्डा. आमच्या गेटसमोर एक खड्डा आहे, त्याला इतकी वर्षं झालीत की ओला-उबरवाले लोकेशन विचारतात तेव्हा आम्ही "खड्ड्याच्या अलीकडे" असं सांगतो.

स्किटमध्ये खड्डा हे पात्रच आहे. आमच्या बी विंगमधला एक जाडजूड मुलगा डोक्याला उलटं घमेलं घालून जमिनीवर बसणार. मग एन्ट्री भाऊंची. भाऊ म्हणजे माजी नगरसेवक, नाव कुठेही घेतलेलं नाही, पण पांढरा शर्ट, मनगटात कडं, दोन्ही बाजूला मोबाईल धरलेली दोन पोरं, आणि प्रत्येक वाक्याच्या सुरुवातीला बाही वर सरकवून "मी काय म्हणतो" असं म्हटलं की आमच्या इथलं शेंबडं पोरही ओळखेल. भाऊ पाहणीला येतात पण खड्ड्याकडे बघतच नाहीत, कॅमेऱ्याकडे बघतात. शेवटी खड्डाच त्यांची पँट ओढतो आणि म्हणतो, "भाऊ, ओळखलंत का, मी तुमच्या पहिल्या टर्मपासून इथेच आहे."

शेवटाला आरतीच्या चालीवर विडंबन, चार कडवी. धृपद असं आहे:

जय देव जय देव जय खड्डेराया
कंबर मोडुनि आलो तुझिया पाया

झालं, कमिटीत वादंग. सेक्रेटरी म्हणतात आरतीची चाल नको, भावना दुखावतात. खजिनदार म्हणतात मंडपाचा चेक भाऊंनी दिलाय, तुला कळतं का काही. आणि एक काका, जे एरवी मीटिंगमध्ये झोपलेले असतात, ते एकदम उठून म्हणाले, "खारच्या त्या स्टुडिओचं काय झालं ते पाहिलंस ना? आपल्या क्लबहाऊसच्या खुर्च्या भाड्याच्या आहेत."

तर प्रश्न असा की कायद्याने ह्यात खरंच काही अडचण आहे का? आणि कायदा सोडा, विनोद करताना थांबायचं कुठे हे तुम्ही लोक कसं ठरवता? प्लीज "घटनेने स्वातंत्र्य दिलंय" एवढंच लिहून पळू नका, ते मला पण माहितीये.

तांबडा_पांढरा

खुर्च्यांचा विमा काढा. बाकी होऊ दे खर्च.

पेटीमास्तर

खड्डेश्वर, तुझे सेक्रेटरी आरतीच्या चालीला घाबरले हे वाचून हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. मी बरीच वर्षं लोकनाट्याला पेटीची साथ केली, सांगली-साताऱ्याकडच्या जत्रा पालथ्या घातल्यात. आमच्यात आधी गण व्हायचा, गणपतीला हात जोडायचे, आणि लगेच पुढे गवळण. आता गवळणीत काय असतं रे? साक्षात कृष्ण मथुरेच्या वाटेवर गवळणी अडवतो आणि दाण मागतो. आणि मावशी, म्हणजे लुगडं नेसलेला मिशीवाला गडी, त्या देवाला विचारते, "तू कोण रं टोलनाकेवाला, पावती फाडतोस का आधी?" पुढच्या रांगेत माळकरी म्हातारे बसलेले असायचे, पहिलं खदाखदा हसणारे तेच. नाथमहाराजांची भारुडं ऐकलीस तर कळेल की परमार्थ सांगायला त्यांनी नवऱ्याला वैतागलेली बाई पण घेतली आणि विंचू पण घेतला. जो आपला आहे त्याचीच चेष्टा होते, परक्या माणसाला कोण चिमटा काढतंय.

गावच्या पुढाऱ्याचं म्हणशील तर ते बतावणीत, म्हणजे वगाच्या आधीच्या विनोदी संवादात, यायचंच. आमचा सोंगाड्या दुपारीच गावात चक्कर मारायचा, चहाच्या टपरीवर बसून कोणाची विहीर कागदावर आहे आणि कोणाची खरी आहे ते काढून घ्यायचा, आणि रात्री वगात घुसडायचा. एका गावात सरपंच पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेला, ह्याने त्याचीच विहीर काढली. आम्ही गार. मी पेटीचा भाता धरून बसलो की आता उठायला लागतंय. सरपंचाने पन्नासाची नोट पाठवली. सोंगाड्याने दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकांची बक्षिशी, पुकारताना काय म्हणावं? "सरपंचांकडून पन्नास रुपये, विहिरीला पाणी लागल्याबद्दल." तेव्हा मात्र सगळी जत्रा हसली आणि सरपंच नाही हसला. दुसऱ्या वर्षी आम्हाला सुपारी आली नाही त्या गावची, हे पण खरं आहे, उगीच जुने दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही.

आणि हे नाटक आधी दाखवा, शिक्का घ्या, मग करा, ह्या प्रकाराचं मूळ सुद्धा एका टवाळीतच आहे बरं का. १८७५-७६ च्या हिवाळ्यात प्रिन्स ऑफ वेल्स कलकत्त्याला आला होता. तिथल्या एका बड्या वकिलाने त्याला थेट घरातल्या बायकांच्या दालनात नेऊन स्वागत करवलं. बंगाली नाटकवाल्यांनी त्यावर प्रहसन ठोकलं. पोलिसांनी बंद पाडलं तर ह्यांनी नाव बदलून परत लावलं. साहेब इतका तापला की १८७६ साली नाट्यप्रयोगांसाठी वेगळा कायदाच आणला. त्याच कायद्याचा बडगा पुढे १९१० मध्ये आपल्या खाडिलकरांच्या कीचकवधावर पडला. नाटक महाभारतातलं, नाव व्हाइसरॉय कर्झनचं एकदाही नाही, पण थेटरातल्या प्रत्येकाला कीचक कोण ते कळत होतं. तुझ्या भाऊंसारखंच.

तारीख_पे_तारीख

मी वकील आहे पण हा सल्ला नाही, फी दिली की सल्ला होतो.

पेटीमास्तर काकांचा इतिहास बरोबर आहे, तो १८७६ चा कायदा आत्ता कुठे २०१८ च्या सुमारास पुस्तकातून गेला. पण महाराष्ट्रात नाटकाची संहिता आधी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे द्यायची पद्धत पोलीस कायद्याखालच्या नियमांतून चालूच राहिली, अमोल पालेकर त्याविरुद्ध २०१६ मध्ये हायकोर्टात गेले होते. तुमच्या क्लबहाऊसच्या स्किटला तुम्हाला जास्त त्रास लाउडस्पीकरचा होईल, दहाच्या आत गुंडाळा.

आता मुद्दा. घटनेच्या १९(२) मध्ये बोलण्यावर निर्बंध घालायची कारणं मोजून दिलीत. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, कोर्टाची बेअदबी, बदनामी, गुन्ह्याला चिथावणी वगैरे. त्या यादीत "भावना दुखावणं" असं कारण नाहीये, लोकांना वाटतं की आहे. धार्मिक भावनांसाठी जे कलम आहे (आधी भारतीय दंड संहितेचं २९५अ, आता भारतीय न्याय संहितेचं २९९) त्याला मुद्दाम आणि द्वेषाने केलेलं कृत्य लागतं. धोनीला एका नियतकालिकाने कव्हरवर विष्णूच्या रूपात दाखवलं होतं, त्यावरून त्याच्यावर खटला भरला, तो २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द केला ते ह्याच कारणाने. खड्ड्याची आरती म्हणणाऱ्या माणसाचा राग देवावर नसतो, रस्त्यावर असतो, हे कुठल्याही जजला कळेल. फक्त कोणत्या तारखेला कळेल ते मी सांगू शकत नाही.

बदनामी हा वेगळा विषय आहे आणि इथे लोक एक घोळ घालतात. नाव घेतलं नाही म्हणजे सुटलो असं नसतं, ऐकणाऱ्याला माणूस ओळखू आला की पुरे. पण सार्वजनिक कामाबद्दल प्रामाणिकपणे मत मांडणं ह्याला बदनामीच्या कलमातच अपवाद आहे. म्हणजे "भाऊ खड्डा सोडून कॅमेऱ्याकडे बघतात" ही अतिशयोक्ती झाली, टीका झाली, चालेल. "भाऊंनी टेंडर मेव्हण्याला दिलं" हे विधान झालं. ते खरं की खोटं असा प्रश्न उभा राहतो आणि तुमच्याकडे कागद नसेल तर चाल आरतीची असो की लावणीची, काही फरक पडत नाही. तेव्हा चारही कडवी एकदा ह्या चाळणीतून काढा. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने १९८८ मध्ये एका मासिकातल्या अत्यंत घाणेरड्या विडंबनाला संरक्षण दिलं होतं, कारण काय, तर ते इतकं अचाट होतं की कोणी खरं मानणं शक्यच नव्हतं. आपल्याकडे तेवढी मोकळीक नाही, पण तर्क समजून घेण्यासारखा आहे.

अजून एक, महापुरुषांना मध्ये आणू नका. वसंत गुर्जरांची गांधींवरची कविता १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या एका अंकात छापली गेली आणि २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टात निकाल लागला की ऐतिहासिक थोर व्यक्तीच्या तोंडी अश्लील भाषा घातली तर कवीला स्वातंत्र्याची ढाल सहज मिळणार नाही. छापणाऱ्याने केव्हाच माफी मागितली होती म्हणून तो सुटला, कवीला मात्र खटल्याला सामोरं जा म्हणाले. एकवीस वर्षं! मला हा निकाल पटलेला नाही, कविता वाचली तर राग गांधींवर नसून गांधींच्या नावावर जगणाऱ्यांवर आहे हे दिसतं, पण निकाल आहे तो आहे.

बाकी खारचं जे काका म्हणाले, त्यात कायदा काय म्हणतो हे सांगायला मी कमी पडेन. मार्च २०२५, कॉमेडियन कुणाल कामराने एका हिंदी गाण्याच्या चालीवर उपमुख्यमंत्र्यांवर नाव न घेता गाणं म्हटलं. त्यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी कार्यक्रम झाला तो स्टुडिओ फोडला, फोडणाऱ्या बारा जणांना अटक झाली आणि त्याच दिवशी जामीन, पाठोपाठ महापालिकेला त्या जागेचं बांधकाम आठवलं. कामराला हायकोर्टाने अटकेपासून संरक्षण दिलं. म्हणजे बोलणारा वाचला आणि जागा देणारा बसला. शिवाय गाण्याच्या कंपनीने व्हिडिओवर कॉपीराइट लावला, कारण आपल्या कायद्यात विडंबनाला नाव घेऊन अशी सूट नाहीच, टीका-परीक्षणाच्या सुटीत बसवावं लागतं. तुमची आरती जुनी आहे, तेवढं एक टेन्शन नाही.

संत्राबर्फी

वकीलसाहेब, तुम्ही एकाच पक्षाचं सांगून राहिले. २०१२ मध्ये व्यंगचित्रकाराला देशद्रोहात आत टाकलं तेव्हा राज्यात कोण होतं? त्याच वर्षी बंगालमध्ये प्रोफेसरने मुख्यमंत्र्यावरचं कार्टून फॉरवर्ड केलं तर त्याला उचललं, सुटला केव्हा, २०२३ मध्ये. अन् २०२२ मध्ये आपल्या इथल्या एका नटीने पवारसाहेबांवरची कविता शेअर केली, चाळीस दिवस आत. कविता बेकारच होती, माणसाच्या आजारपणावर, तोंडावर काय बोलायचं, पण बेकार कवितेला चाळीस दिवस असतील तर दिवाळी अंकवाल्यांचं काय होईल. तर खड्डेश्वर भाऊ, तुझे भाऊ कोण्या पक्षाचे ते सांगू नको, काही फरक नाही पडत.

तारीख_पे_तारीख

@संत्राबर्फी मान्य. आणि जिथे कोर्टाने चांगलं केलं ते पण सांगतो. २०१९ मध्ये एका बंगाली राजकीय विडंबन सिनेमाला थेटरवाल्यांनी अचानक उतरवलं, पोलिसांचा तोंडी दबाव होता. सुप्रीम कोर्टाने राज्य सरकारला वीस लाख नुकसानभरपाई द्यायला लावली. आणि मार्च २०२५ मध्ये एका खासदाराच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करताना स्पष्ट म्हटलं की शब्दांचा परिणाम धट्ट्याकट्ट्या मनाच्या माणसाच्या मापाने मोजा, ज्याला प्रत्येक टीकेत धोका दिसतो त्याच्या मापाने नाही. तीन ते सात वर्षं शिक्षेच्या अशा गुन्ह्यात पोलिसांनी आधी प्राथमिक चौकशी करावी असंही सांगितलं. पण कोर्टापर्यंत जाईपर्यंत तुमचं विसर्जन झालेलं असतं.

मावशी_नव्हे_ताई

सगळं वाचलं. कलमं छान आहेत. आता मी जरा वेगळं बोलते, राग मानू नका.

आमच्या सोसायटीत पण दरवर्षी स्किट होतं. दरवर्षी त्यात एक कामवाली बाई असते, तोंडाला काळं फासलेली, कंबरेला पदर खोचून "ओ मॅडम" करणारी, आणि एक वॉचमन असतो जो हिंदी विचित्र बोलतो आणि झोपतो. दोघांवर सगळे हसतात. गेल्या वर्षी खरा वॉचमन तिथेच मागे दाराला टेकून उभा होता, प्रसादाच्या द्रोणांचा गठ्ठा हातात धरून. तो पण हसला. काय करणार, नोकरी आहे. मी हसता हसता त्याच्याकडे पाहिलं आणि माझा घास अडकल्यासारखं झालं. आमच्याकडे अकरा वर्षं येणाऱ्या मावशी दुसऱ्या दिवशी मला म्हणाल्या, "ताई, मी असं बोलते का हो?"

त्या दोघांच्या भावना कधी दुखावल्या जात नाहीत कारण ते कमिटीत नाहीत आणि त्यांच्याकडे मंडपाचा चेक नाही. भावना नेहमी भाऊंच्याच दुखावतात, आणि त्या सुद्धा भाऊ यायच्या आधी सेक्रेटरी स्वतःच दुखावून घेतात!

तेव्हा थांबायचं कुठे असं विचारलंस म्हणून सांगते. मी असं बघते की ज्याच्यावर हसतोय तो उठून उत्तर देऊ शकतो का. भाऊ देऊ शकतात, त्यांच्याकडे माईक आहे, दोन पोरं आहेत, चार होर्डिंगं आहेत. करा खुशाल. २०२५ मध्ये ते यूट्यूबवरच्या कॉमेडियन लोकांना सुप्रीम कोर्टाने अपंगांवरच्या जोकबद्दल माफी मागायला लावली, तेव्हा माझा मुलगा माझ्याशी भांडला की कोर्टाने विनोदात पडू नये. मला पण वाटतं पडू नये. पण दुर्मिळ आजाराच्या लहान बाळावर जोक करायला कुठलं धाडस लागतं हे मला कोणीतरी समजावा.

आणि बी विंगच्या जाड मुलाला खड्डा केलंयस, त्याला विचारलंस का?

खड्डेश्वर

ताई, जाड मुलाचं वाचून चपापलो. त्याला विचारलं आत्ता फोन करून. तो म्हणाला "दादा खड्डाच मेन रोल आहे, दुसऱ्याला दिलास तर बघ." पण बरं केलंत विचारायला लावलंत, कारण वॉचमन माझ्या पण स्किटमध्ये होता. झोपलेला. काढला.

वकीलसाहेब, तिसऱ्या कडव्यात मेव्हणा होता. तुम्हाला कसं कळलं माहीत नाही. कागद नाहीये, सगळ्यांना माहितीये एवढंच. काढतो.

पेटीमास्तर

"सगळ्यांना माहितीये" हा पुरावा तमाशात चालतो, कोर्टात नाही. बरोबर काढलंस.

खड्डेश्वर

अपडेट. उशीर झाला, विसर्जन, मग ताप आला.

स्किट झालं. आरतीला परवानगी मिळाली, फक्त टाळ-झांजा वाजवायच्या नाहीत ह्या अटीवर, त्याला काय लॉजिक आहे मला विचारू नका. भाऊ स्वतः आले होते, प्रमुख पाहुणे, पहिल्या रांगेत सोफ्यावर. आमच्या नटाने बाही वर सरकवून "मी काय म्हणतो" म्हटलं आणि अख्खं क्लबहाऊस भाऊंकडे वळून बघायला लागलं. चार सेकंद कोणीच हसलं नाही. मग भाऊ हसले आणि मग सगळे हसले. शेवटी स्टेजवर आले, खड्ड्याच्या डोक्यावरचं घमेलं स्वतःच्या डोक्यावर घालून फोटो काढला, त्या दोन पोरांनी रील केलं आणि रात्री ते भाऊंच्याच पेजवर होतं, "जनतेचा लाडका" असं काहीतरी वर लिहून.

खुर्च्या सगळ्या परत गेल्या, मोजून.

तांबडा_पांढरा

भाऊंनी तुझं स्किट खाल्लं राव.

पेटीमास्तर

पुढारी हसला, तर दोनपैकी एक गोष्ट असते, एक तर मन मोठं, नाही तर चिमटा कपड्यालाच लागला. आमच्या सरपंचाने नोट पाठवली होती, पण विहिरीला हसला नाही. तुझं चौथं कडवं काय होतं? चार म्हणाला होतास, एक वकिलांनी काढलं, तीन राहिली पाहिजेत. रीलमध्ये मी दोनच मोजली.

खड्डेश्वर

काका, तुमचं लक्ष फार.

चौथं भाऊंवर नव्हतंच. आपल्यावर होतं. म्हणजे मंडप, साउंड, महाप्रसादाची बिर्याणी (शाकाहारी), सगळं भाऊंकडून घ्यायचं आणि मग गेटबाहेर पडून कंबर धरायची, असं. ते काढायला मला कोणीच सांगितलं नव्हतं. सेक्रेटरींनी तर वाचलं पण नव्हतं. आदल्या रात्री तालमीत माझं मीच खोडलं.

मावशी_नव्हे_ताई

अरे! तेच तर खरं होतं. टाक ना इथे.

खड्डेश्वर

ताई, आमचे खजिनदार पण इथे वाचतात. पर्सनल मेसेज करा, पाठवतो.